कवडीमोलाचा हिवाळा

हिवाळ्यात पक्ष्यांचे आणि निसर्गाचे फोटो काढायला माणसानं घरापासून फार लांब जाऊ नये, असं या लेखाचं म्हणणं आहे. हे म्हणणं प्रवासवर्णनाच्या मुळावर येतं, याची कल्पना आहे. पण या व्यवहारात प्रवास करायचं काम मुळात दुसऱ्या पक्षाकडे आहे. पट्टकादंब नावाचा हंस तिबेट-मंगोलियाच्या बाजूनं निघतो आणि हिमालय ओलांडून दख्खनेत येतो. सात हजार मीटरच्या आसपास उडताना त्याची नोंद झालेली आहे, आणि त्या उंचीवर हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. एवढं करून तो पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला उतरतो आणि आसपासच्या रानात चरायला लागतो. ना ऑक्सिजनचं नळकांडं, ना जाकीट, ना परतल्यावर स्लाइड शो. उलट पुण्यातला छायाचित्रकार त्याच पक्ष्यासाठी उन्हाळ्यात लडाखला जातो, दोन दिवस डोकं धरून हॉटेलात पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी एक धूसर ठिपका टिपून आणतो. ज्याला भेटायचं तो स्वतःहून आपल्या जिल्ह्यात येऊन चार महिने मुक्काम करणार असताना त्याच्या घरी जाऊन त्याला गाठणं हे कोणत्याही संस्कृतीत आगंतुकपणाचंच लक्षण मानलं जाईल.

तेव्हा सोलापूर रस्त्याला लागावं. हडपसर संपेपर्यंत निसर्गाचा संबंध फक्त गृहसंकुलांच्या नावांशी येतो. व्हॅली, मेडोज, ग्रीन्स, लेक; जागेवर जे जे होतं ते पाटीवर जतन केलेलं असतं. पुढे गाळप हंगामातले उसाचे ट्रॅक्टर लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला ऊस, मागचा लाल दिवा असला तर असला, आणि चालकाच्या डोक्यावर मात्र अख्ख्या वरातीला पुरेल असा स्पीकर. वन्यजीव छायाचित्रणाला संयम लागतो असं सगळी पुस्तकं सांगतात. सोलापूर रस्त्यावर तो कॅमेरा पिशवीतून निघायच्या आधीच शिकवला जातो. लोणी काळभोरच्या अलीकडे डाव्या हाताला नदीकडे वळलं की कवडी पाट. नदीचं नाव मुळा-मुठा, म्हणजे पुण्यानं आंघोळी, धुणीभांडी आणि इतर सर्व विधी उरकून जे पुढे ढकललं ते. एक बुटका बंधारा, त्यावरून पडणारं पाणी, खडकांना अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक. आणि या सगळ्यात लाल काटकुळ्या पायांवर उभे शेकाटे, शेपटी हलवणारे धोबी, तुतवार, थापट्या, डोक्यावर घिरट्या घालणारे नदी सुरय. डिसेंबरात पहाटेची हवा दहा अंशांपर्यंत उतरली की नदीचं पाणी तिच्याहून उबदार असतं आणि त्यावरून वाफ निघते. ऊन आलं की ती सोनेरी होते. बंधाऱ्याखाली साबणाचा पांढराशुभ्र फेस तरंगत असतो. परदेशी मासिकांतल्या हिवाळी फोटोंत जो बर्फ दिसतो, त्याची सोय आपल्याकडे अशी सांडपाण्यातून झालेली आहे.

आता पुराव्याकडे. पहिला पुरावा सूर्याचा. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथे दुपारी सूर्य बरोबर टाळूवर येतो. माणसाच्या नाकाची सावली हनुवटीवर पडते आणि बगळ्याची त्याच्या पायांशी. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारीही अठ्ठेचाळीस अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे ऊन दिवसभर थोडं बाजूनं येतं आणि पिसांचा पोत दिसतो. शिवाय जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आत उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे सभ्य माणसाच्या झोपेला धक्का न लावता सोनेरी प्रकाश मिळण्याचा हा वर्षातला एकच मोसम. मात्र दहाच्या सुमारास जमीन तापू लागते, हवा थरथरते आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून समोरचा करकोचा तळ्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा हलू लागतो. त्यावर लाखभर रुपयांची लेन्स आणि दोन लाखांची लेन्स सारखीच हतबल असते. तेव्हा कामाचे तास तीन. या तीन तासांसाठी जो रात्रभर गाडी चालवून येतो, तो त्यातला पहिला चहात घालवतो आणि दुसरा जांभयांत.

पण खरा मुद्दा झोपेचा नाही, ऐपतीचा आहे. या छंदात कॅमेऱ्याची ऐपत हप्त्यांवर येते. दुर्मीळ असते ती रिकाम्या हातानं परत यायची ऐपत. ती फक्त जवळच्याला परवडते. ज्यानं विमान, मुक्काम, जीप आणि वाटाड्या मिळून घसघशीत रक्कम मोजलेली आहे, त्याला फोटो मिळावाच लागतो. निसर्गाकडून त्याला पावती हवी असते. मग भिगवणच्या होडीत बसून तो नावाड्याला म्हणतो, “दादा, थोडं पुढे घ्या ना.” थोडं पुढे घेतलं की आणखी थोडं. त्यामागे कारणही आहे. रोहित पक्षी पंख मिटून उभा असला की बराचसा फिका, पांढुरका दिसतो. लाल आणि काळा रंग खुलतो तो पंख उघडल्यावर. तेव्हा थवा उडाला तरच पैसे वसूल. उथळ पाण्यात मान उलटी घालून चिखल गाळत बसलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवल्याखेरीज तो फोटो सहसा मिळत नाही. भिंतीवर टांगलेल्या रोहितांच्या उडत्या थव्याखाली म्हणूनच छायाचित्रकाराच्या नावाबरोबर होडी किती पुढे घेतली होती तेही छापावं. जवळच्या माणसाला यातलं काही करावं लागत नाही. आज थवा दूर आहे? असू दे, पुढच्या आठवड्यात येऊ. हे वाक्य उच्चारायला त्याला पेट्रोलच्या एका टाकीपलीकडे काही पडत नाही, आणि त्याच्या फोटोंतले पक्षी पाठमोरे पळताना कमी दिसतात ते याच कारणानं.

जवळपणाचा दुसरा फायदा बातमीचा. भिगवणचे रोहित पंचांग पाहून येत नाहीत, ते पाटबंधारे खात्याच्या कलानं येतात. भीमेवरचं उजनी धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याला लांबच लांब उथळ काठ मिळाले. रोहितांचे पाय लांब असले तरी त्यांना मर्यादा आहे. पाणी उतरून दलदल उघडी पडल्याशिवाय त्यांना चरता येत नाही. पाऊस लांबला, धरण भरलेलंच राहिलं की स्वारी उशिरा येते. ‘उजनी शंभर टक्के’ हा मथळा वाचून सोलापूरकर पेढे वाटतो आणि छायाचित्रकाराचा चेहरा पडतो. एकाच बातमीचे इतके परस्परविरोधी परिणाम क्वचितच होत असतील. सहा महिने आधी आरक्षण करणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. जवळचा माणूस भिगवणशेजारच्या कुंभारगावला फोन करतो, “पाणी उतरलं का?” पलीकडचा मासेमार, जो हिवाळ्यात वाटाड्या होतो, दोन शब्दांत सांगतो. हवामानखात्याकडेसुद्धा अशी सेवा नाही. ठाणे खाडीतही तेच, फक्त तिथे पाटबंधारे खात्याऐवजी चंद्राचा कारभार. ओहोटीला चिखल उघडा पडतो, भरतीला पक्षी हलतात. 2022 साली रामसर यादीत गेलेल्या या खाडीकाठी भरतीचं वेळापत्रक न बघता पोचलेल्या माणसाला ऐरोली पुलाचे मात्र उत्तम फोटो मिळतात.

यावर पहिला आक्षेप स्वच्छतेचा. जवळचं सगळं घाण आहे, असल्या डबक्यात कसलं निसर्गसौंदर्य? आक्षेप खरा आहे, आणि वासासकट खरा आहे. संस्कृत कवींनी चक्रवाकाच्या जोडीला रात्रभराच्या विरहाचा शाप दिला आणि पहाटे कमळांच्या सरोवरात त्यांची भेट घडवली. कवडीला ती भेट कमळांऐवजी दुधाच्या पिशव्यांच्या साक्षीनं होते. पण घाणीवर छायाचित्रकाराचा उपाय ठरलेला असतो: चौकट आवळायची. चक्रवाकाच्या नारिंगी पिसांपासून दोन बोटांवर असलेली थर्माकोलची ताटली कापून टाकली की मानससरोवर तयार. माझी तक्रार घाणीबद्दल आहेच, पण या कात्रीबद्दल त्याहून जास्त आहे. पाणपक्ष्यांना अशा पाण्यातही काही खायला मिळतं म्हणून ते येतात. त्यावरून पाणी चांगलं आहे असं सिद्ध होत नाही, पण कापलेला फोटो पाहणाऱ्याला नेमकं तेच सिद्ध झाल्यासारखं वाटतं. ताटलीसकट काढलेला फोटो स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. होऊ दे. दहा वर्षांनी नदीचं काय झालं हे कुणाला पाहायचं असेल तेव्हा तोच उपयोगी पडेल, आणि तो तिथेच राहणाऱ्यानं, पुन्हा पुन्हा, त्याच दगडावरून काढलेला असावा लागेल. हे काम पाहुण्याच्या हातून होणं नाही.

दुसरा आक्षेप भारदस्त असतो: जवळ वाघ नाही. मान्य. पुणे ते ताडोबा हे अंतर सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि ते वाघानं कमी करावं अशी अपेक्षा करता येत नाही. पण वाघाचे जेवढे चांगले फोटो निघायचे होते तेवढे निघून गेले आहेत असं वाटण्याइतके ते निघालेले आहेत. आता पाणवठ्यावर वाघ बसला की समोरच्या जिप्स्यांतून एकाच क्षणी एकच फोटो तीस जण काढतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे आहेत. बारामती-इंदापूरकडच्या माळांवर लांडगे आहेत, खोकड आहेत. हे माळ सरकारी कागदांत पुष्कळदा पडीक म्हणून नोंदले जातात, आणि हिवाळ्यात तिथलं गवत वाळून असं पिवळं होतं की उगवतीच्या वेळी अख्खा माळ पेटल्यासारखा दिसतो. खरी वणव्याची वेळ त्यानंतर येते. लांडगा दिसेल याची हमी नाही, तो दिसला तर पाठच दिसेल याची जवळजवळ हमी आहे, म्हणून तिथे गर्दी कमी. सह्याद्रीच्या डोंगररांगांनाही हाच मोसम बरा: हिवाळी धुरकटीत प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकट होत जाते आणि सिंहगडावरून पाच-सहा रांगा कागद कापून लावल्यासारख्या सुट्या दिसतात. या धुरकटीत धुराचा वाटा किती आणि धुक्याचा किती हे फोटोत कळत नाही, छातीत कळतं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. जवळची माणसं तरी कुठे शहाणी असतात? रविवारी कवडी पाटावर जी झुंबड उडते ती काही लडाखहून आलेली नसते. नखशिखान्त हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे लष्करी कपडे घातलेली माणसं पांढऱ्या गाड्यांतून उतरतात, दारं धाडधाड लावतात, आणि उघड्या खडकावर, जिथे एकही पान नाही, तिथे झुडपाच्या वेषात ओळीनं उभी राहतात. पक्ष्यांची रंगदृष्टी माणसापेक्षा सरस असते. ते चालतं झुडूप सहज ओळखतात. पायी जवळ येणाऱ्या माणसाला ते जितके बिचकतात तितके उभ्या गाडीला बिचकत नाहीत, म्हणून गाडीच्या खिडकीवर तांदळाची नाहीतर राजम्याची पिशवी ठेवून आत मुकाट बसणं हे सर्वोत्तम. पण त्यात नवे कपडे दिसत नाहीत. तर हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. अंतर किलोमीटरमध्येच मोजायचं असं नाही. आठवड्यातून एकच सकाळ मोकळी असली की घराजवळचा माणूसही पर्यटक होतो, त्यालाही आजच्या आज पावती हवी होते. त्यावर उपाय मंगळवार. मंगळवारी रजा मिळत नाही हे खरं, पण लडाखसाठी दहा दिवसांची रजा मिळते हेही तितकंच खरं, आणि त्या दहा दिवसांचे दहा मंगळवार करता येतात, हा हिशोब कोणत्याही कचेरीतल्या माणसाला जमण्यासारखा आहे.

शेवटचा आक्षेप घरून येतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सातला नदीवर, दहाला हवा थरथरू लागली की काम संपलं, अकराच्या आत घरी. मग वाटेत शेतातली भाजी घेऊन बसलेल्या बायकांकडून मेथीच्या दोन जुड्या, हिरवा हरभरा, जमलं तर पावटे आणायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. पण खांद्यावर सहाशे मिलिमीटरची लेन्स, अंगावर रानटी ठिपके आणि हातात मेथी अशा अवस्थेत सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाला कुणी वन्यजीव छायाचित्रकार म्हणून ओळखत नाही. शेजारी फक्त जुडी कितीला मिळाली ते विचारतात. ताडोबाला गेलेल्या माणसाला येताना मेथी आणायला कुणी सांगत नाही. लांबच्या सफरींचा धंदा इतका तेजीत आहे, त्यात वाघाइतकाच या मेथीचाही हात असावा, असा माझा दाट संशय आहे.