पायाखालचा उतार

वाळव्याच्या काळ्या रानात रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी पाजणारा गडी सरीचा उतार अनवाणी तळव्यांनी ओळखतो. गोल्फमध्ये हीच विद्या ‘एमपॉइंट’ नावाने फी घेऊन शिकवतात. चेंडू आणि होलच्या मध्ये पाय रोवून उभं राहायचं, उतार किती टक्के ते ताडायचं, तितकी बोटं हवेत धरून नेम ठरवायचा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात दोन्ही हात लागतील, ते सोडा.

होल 108 मिलिमीटरचा, चेंडू जेमतेम 43चा. तरीही जुलै 2024मध्ये स्पेनच्या वाल्डेरामा मैदानावर पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीचा शेवटच्या होलवरचा छोटा पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) हुकला आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद सर्जियो गार्सियाने नेलं. महिनाभर आधी रोरी मॅकिलरॉय यूएस ओपनमध्ये अवघ्या अडीच फुटांवरून चुकला होता!

उपाय रूक्ष आहेत: डोकं स्थिर ठेवणं, चेंडू होलपुढे फूटभर जाईल इतकाच जोर देणं, आणि रोज तीन फुटांवरून घोटणं.

हौशी मंडळी मात्र आधी महागडा पटर आणतात. तोही चुकला की हरळी कुणी कापली याची चौकशी लावतात.