काकू म्हणत्यात तसं

आठ-दहा अनोळखी माणसं एका खोलीत बसवायची, चहा-बिस्किटं पुढे ठेवायची आणि साबण, मालिका नाहीतर सरकार याबद्दल बोलतं करायचं. याला म्हणतात फोकस ग्रुप. त्याचं मूळ रेडिओत. १९४१ साली न्यूयॉर्कला रेडिओचे श्रोते कार्यक्रम आवडला तर हिरवं बटण दाबत, नावडला तर लाल. बटण कुठलं दाबलं ते यंत्र सांगे. का दाबलं, ते नेमकं कसं विचारावं याचा नाद समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना तिथेच लागला.

फोकस ग्रुपचा हा प्रयोग एकदा हुपरीत व्हायला हवा. चांदीचं गाव. पैंजण, जोडवी, वाळे इथून देशभर जातात, आणि कड्या जोडायचं काम घरोघरी बायका करतात. समजा, अशा एका सोप्यात कुणी पैंजणाचे दोन नमुने घेऊन आलं. कुठला आवडला? सगळ्या आधी काकूंकडे बघणार. काकू एक तळहातावर तोलणार, कानाशी हलवणार आणि म्हणणार, "घुंगरू बद्द वाजतंय." झालं! उरलेल्या सगळ्यांनाही ते बद्दच ऐकू येणार. पाहुणा वही मिटून चपला शोधायला लागला की धाकटी सून हळूच म्हणणार, "मला त्योच बरा वाटला हुता. पायाला टोचत न्हाई."

एका तोंडाने गट नासतो, अशी या पद्धतीवर जुनी तक्रार आहे. मला ती पटत नाही. १९८५ साली कोका-कोलाने चव बदलली. चाखणाऱ्या बहुतेकांना नवी चव आवडली होती. गटांत मात्र दोघे-चौघे भडकत आणि बाकीच्यांनाही भडकवत. कंपनीने चाखणाऱ्यांचे आकडे धरले. पुढे अमेरिकाभर तसेच दोघे-चौघे भडकले आणि तीन महिन्यांच्या आत जुना कोला परत आणावा लागला. माणूस एकटा मत बनवतोच कुठे? सराफाच्या दुकानातही सून पैंजण पायात घालून आधी सासूच्या तोंडाकडे बघते.

हुपरीत अडचण वेगळीच येईल. काकू नमुना खाली ठेवणारच नाहीत. "टंच किती? मजुरी काय धरलीया? डाग कुणी दिला, लय जाड बसलाय." पाहुण्याच्या कागदावर प्रश्न असतील वीस, त्यातला एकही विचारून व्हायच्या आत त्याच्याकडून कारखान्याचा पत्ता, मालकाचं गाव आणि त्याचा स्वतःचा पगार काढून घेतलेला असेल.