पिंकी आरवते

परवा लिफ्टशेजारच्या फलकावर नोटीस लागली : 'बी-४०२ मधील पिंकी हिने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आरवू नये. आदेशावरून.' खाली सेक्रेटरींची सही, शिक्का. दुसरी प्रत ४०२च्या ड्राय बाल्कनीत, संबंधितांच्या नजरेस पडेल अशा उंचीवर, म्हणजे जमिनीपासून फूटभर वर चिकटवली. संबंधितांनी तासाभरात पोच दिली. ती पुसायला मावशींना बोलवावं लागलं.

पिंकी हा कोंबडा आहे. पांढराशुभ्र, ताठ लाल तुऱ्याचा. आला तेव्हा गुलाबी होता, म्हणून पिंकी. शाळेच्या फाटकाबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगीत पिल्लं घेऊन जो माणूस बसतो, त्याच्याकडून चारशेदोनच्या मुलीने खाऊच्या पैशांत आणलेला. पिसं फुटली, गुलाबी गेला, नाव राहिलं. चार-पाच महिन्यांनी एका पहाटे पिंकीला कंठ फुटला आणि अख्ख्या बी विंगला कळलं, की पिंकी ती नव्हे.

सेक्रेटरींना हे अजून मान्य नाही. रेकॉर्डला पिंकी आहे, तर 'हिने'च लिहिणार. पाण्याच्या टाकीच्या सभेला कोरम होत नाही, पण पिंकीच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या आणि पहिली चाळीस मिनिटं 'हिने' की 'याने' यावर गेली. तळमजल्यावरचे निवृत्त वकील म्हणाले, नोटीस 'हिला' आहे, आरवतो 'तो', तेव्हा नोटीस बजावलीच गेलेली नाही. मग डेसिबल निघाले. निवासी भागात रात्री ४५ची मर्यादा, २०००च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरी पहाटे चारला मोबाइलवर मीटर लावून बाल्कनीखाली उभे राहिले होते. नेमका त्या दिवशी पिंकी गप्प. वीस मिनिटांनी सेक्रेटरींचा तोल गेला, "अरे आरव की लेका!" मीटरवर ७८. सभेपुढे पुरावा म्हणून तोच आकडा आला आणि इतिवृत्तात पिंकीच्या नावे जमा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, डालग्याखाली झाका. हा प्रयोग म्हणीतल्या म्हातारीने करून पाहिलेला आहे. जपानी शास्त्रज्ञांनीही २०१३मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. ते तरीही आपल्या वेळेलाच आरवत राहिले, कारण घड्याळ कोंबड्याच्या आत असतं. सभेने हा मुद्दा नोंदवून घेतला आणि डालग्यासाठी तीनशे रुपये मंजूर केले.

शेवटी दर रविवारी दीड किलो आणणारे एक काका म्हणाले, "एवढं कशाला? कापा." सभा गार पडली. चारशेदोनची मुलगी पुढच्याच खुर्चीत बसली होती. "पिंकीला?" तिने विचारलं. काकांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती सभा संपेपर्यंत काढली नाही. बिननावाचं असतं तेव्हाच चिकन असतं.

मला पिंकीच्या आरवण्याचा त्रास होतो. चारला उठतो, चडफडतो. पण त्या गुलाबी रंगाबद्दल कोणीच काही बोलत नाही, याचा जास्त होतो. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि खाद्याच्या मानाने अंगही धरत नाही, म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी वेगळा काढतात. बहुतेकांचा तिथेच निकाल लागतो. उरलेले पोत्याच्या भावाने उचलायचे, रंगाच्या पाण्यात बुचकळायचे आणि शाळेच्या फाटकाशी आणून ओतायचे. निळे, हिरवे, जांभळे, गुलाबी. एक दिवसाचं पिल्लू, आईची ऊब नाही, वर ओला रंग! आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात अशी अकरा आली. दहा आठ दिवसांत चपलांच्या खोक्यांतून बागेत पुरली गेली, कडुलिंबाखाली, पोरांनी वर झेंडूची फुलंही ठेवली. तेव्हा कुणाला नोटीस? कुठली सभा? मेलेलं पिल्लू शून्य डेसिबल करतं, नियमात बसतं. अकरावं जगलं, हा त्याचा गुन्हा! आणि ज्यांनी ती दहा विकत घेऊन दिली, तेच पालक पहाटेच्या झोपेसाठी मूठ वळून भांडतात. 'मुलांना प्राण्यांची आवड लागते हो.' आवड! आठ दिवसांची, वीस रुपयांची, धुतली की जाणारी!

असो. सभा बेमुदत तहकूब झाली. डालगं आलं, पिंकी त्याच्यावर चढून आरवतो, म्हणजे आता आवाज कठड्याच्या वरून थेट जातो.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरींची नात भेटली. छातीशी चपलांचं खोकं, आतून चिवचिव. मी विचारलं, "काय गं, कोंबडी की कोंबडा?"

"हिरवा," ती म्हणाली.