बखर एका मोटारीची

आमच्या घराण्यात एका मोटारीची बखर आहे. ती लिहिलेली नाही; दिवाळीच्या फराळाला, मुंजीच्या पंगतीला आणि अलीकडे कोणाच्या तेराव्यालासुद्धा ती सांगितली जाते, व दर कथनागणिक त्या मोटारीचा वेग ताशी पाच मैलांनी वाढतो. बखरीचा मजकूर थोडक्यात असा की, १९७४ च्या मे महिन्यात आमचे तीर्थरूप अण्णा सात माणसे, दोन वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि हापूसची एक पेटी एवढ्या सरंजामानिशी पहाटे दादरहून कूच करून, बोरघाट एका दमात चढून, सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी वाईस आत्याच्या अंगणात दाखल झाले. वाटेत मोटारीने हूं की चूं केले नाही. आणि तशी मोटार, तसे रस्ते व तशी माणसे आता होणे नाही.

गेल्या महिन्यात माळा साफ करताना पत्र्याच्या एका डब्यात अण्णांची रोजकीर्द हाती लागली, आणि पन्नास वर्षे निर्वेध चाललेल्या या बखरीच्या अंमलास ग्रहण लागले.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरकारांची अशी झाडाझडती घेतली की अनेक अभिमानी वाचकांचे पानिपत दुसऱ्यांदा झाले. त्या खंडातील कागद वाईसच सापडले होते. वाईपासून कोसभरावर मेणवलीस नाना फडणविसांचे दप्तर. तेव्हा त्या मुलखाकडे निघालेल्या माणसास कागद करून ठेवण्याची बुद्धी व्हावी, हा तेथील हवापाण्याचाच गुण म्हटला पाहिजे. नवल इतकेच की आमच्या बखरीचे आद्य कथनकार आणि या रोजकीर्दीचे लेखक एकच गृहस्थ आहेत. रात्री कंदिलापाशी बसून जो मनुष्य पै-पैचा आणि मिनिटा-मिनिटाचा खरा हिशेब लिहितो, तोच सहा महिन्यांनी चकलीचा तुकडा मोडीत निःशंकपणे गाडी वाईपर्यंत थांबलीच नाही असे सांगतो, आणि दोन्ही वेळी त्याच्या मुद्रेवर तीच सात्त्विक शांती असते.

रोजकीर्द म्हणते: ‘५-१० प्रस्थान. माणसे सहा.’ येथे सहा हा आकडा पाहून मी हसलो. अण्णांचीही बेरीज चुकते तर, असे मनाशी म्हणून पुढे गेलो. ‘पनवेल ७-२५, प्लग साफ केले. खोपोली ९-००, पाणी अर्धी बादली. घाटात मुक्काम तीन. खंडाळा १२-१५.’ वाईची वेळ लिहिली आहे ‘दिवेलागण’. बखरीतील सूर्य माथ्यावर येण्यापूर्वीच थबकला होता. रोजकीर्दीतील सूर्य मात्र खंबाटकीचा घाट उतरण्याआधीच मावळतीस लागलेला आहे.

मोटारीच्या कुळाचा उच्चार येथे करीत नाही. त्या काळी देशात ठळक कुळे तीनच होती, कलकत्त्याची अँबॅसडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, आणि वधूपित्याने स्थळासाठी ताटकळावे तसे मध्यमवर्गीय माणसास नाव नोंदवून वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. अण्णांनी ती यातायात टाळून एका निवृत्त मामलेदाराकडून वापरलेली मोटार घेतली. त्यामुळे तिच्या अंगी सरकारी दप्तराचे सर्व गुण आयतेच उतरले होते. अर्ज केल्यावाचून ती हलत नसे, चढ दिसताच प्रकरण तहकूब करी, आणि गरम झाली म्हणजे तिच्यापुढे पाणी ठेवून हात जोडून उभे राहण्यावाचून रयतेस गत्यंतर नसे.

घाटातील या तहकुबीचे दोन प्रकार होते. एकात रेडिएटर उकळे आणि झाकणातून वाफेचा फवारा उडे. दुसरा अधिक गूढ, त्यात नळीतले पेट्रोलच उष्णतेने वाफ होऊन बसे व पंप नुसती हवा ओढीत राही. यावर अण्णांपाशी ओले फडके हा एकच उतारा होता. कपाळावर पट्टी ठेवावी तसे ते फडके पंपावर ठेवून अण्णा घड्याळ पाहात, दादाने चाकामागे दगड लावलेला असे, आई थर्मासमधला चहा झाकणात ओतीत, कोणास उद्देशून नव्हे अशा स्वरात म्हणे, “एस्टीने आतापावेतो पुणे आले असते.” हे वाक्य बखरीत नाही. रोजकीर्दीतही नाही, परंतु त्या दिवसाच्या नोंदीत एके ठिकाणी ‘सौ. रागावली’ एवढे दोन शब्द खाडाखोड करून पुन्हा लिहिलेले आहेत.

वाटेतील एका शहराच्या जकात नाक्याचे वर्णन बखरीत ‘सलाम करून सोडले’ असे आहे. रोजकीर्दीप्रमाणे, पेटीतील आंबे घरगुती भक्षणार्थ की विक्रयार्थ, या प्रश्नाचा निवाडा होण्यास पस्तीस मिनिटे लागली, आणि निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा पेटीत पाच आंबे कमी भरले. सलाम झाला असेल. तो कोणी कोणास केला, एवढाच तपशील बखरकारांनी फिरवला.

परतीच्या प्रवासाचे पान मला सर्वांत प्रिय आहे. आदल्या वर्षीच्या युद्धानंतर तेल भडकले होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते, आणि अण्णांनी निषेधाचा आपला स्वतंत्र मार्ग काढला होता: खंडाळ्याहून खाली येताना इंजिन बंद करावयाचे. सात जन्मांची पुण्याई आणि मामलेदारांच्या वेळचे ब्रेक एवढ्या भरवशावर आमचे कुटुंब खोपोलीपर्यंत निःशब्द घरंगळत आले, आणि वहीत नोंद पडली, ‘बचत अंदाजे अर्धा लिटर.’ जिवांची किंमत कोणत्या खाती मांडावी हा प्रश्न अण्णांसारख्या हिशेबी माणसासही पडलेला दिसत नाही.

हल्ली आमचा दादा द्रुतगती मार्गाने वाईस जातो. शनिवारी सकाळी घाटात तासभर, वातानुकूलित अवस्थेत, तीन रांगांत उभा राहतो आणि तेथून मला दूरध्वनी करून सांगतो की, अण्णांच्या वेळी घाट कसा मोकळा असे. मोकळा असे, यात संशय नाही. रस्ता अडविण्यास आमची एक मोटार पुरेशी होती.

येथवर मी राजवाड्यांच्या पंथाचा होतो. पण बखरीतले एक प्रकरण माझे स्वतःचे आहे. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट ज्या धनगराने इंग्रजांस दाखविली, असे सांगतात, त्याचे हे स्थान, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने गाडीतूनच नाणे टाकून पुढे जावे असा रिवाज. त्या सफरीत अण्णांनी दहा पैशांचे नाणे माझ्या हाती दिले, मी पुढच्या खिडकीची तिकोनी काच उघडून ते टाकले, ते पायरीवर आपटून खणकन् वाजले, आणि त्यानंतरच मोटार चालू झाली. ती खणखण मला आजही ऐकू येते. दुजोरा मिळावा म्हणून मी त्या दिवसाचे पान उलटून मागची बाजू पाहिली. अण्णांच्या वळणदार अक्षरात तेथे लिहिले होते: ‘चि. धाकट्यास गालगुंड. दादरास आजीपाशी ठेविला. पेटीतील सहा फळे त्याजकरिता काढून ठेविली.’

माणसे सहा. बेरीज बरोबर होती.

वही डब्यात घालून डबा मी पुन्हा माळ्यावर, जुन्या रजयांच्या मागे सारला. शिडीखाली नातू उभा होता. त्याने विचारले, “आजोबा, शिंग्रोबाला नाणं तुम्हीच टाकलं होतं ना?” मी म्हटले, “मीच. चार आण्यांचं होतं.”