हाल कुत्रा खाईना

आमच्या बंड्याचं वजन २२ किलो. रेल्वेच्या हिशेबात मात्र तो माझ्याशेजारी फर्स्ट क्लासात बसला की ६० किलोचा होतो आणि गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसला की ३० किलोचा. नुसती जागा बदलली की निम्मं वजन उतरतं, असं डाएट अजून कुठल्या डॉक्टरला जमलेलं नाही. कुत्रा मुळात प्रवासी नव्हेच, ते सामान. भाडं सामानाच्या दराने. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर इथे त्याला मज्जाव. फर्स्टमध्ये न्यायचा तर दोघांचा कुपे नाहीतर चौघांची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी, आणि ती मिळाली की नाही ते कळणार चार्ट लागल्यावर. तोवर लसींचं कार्ड, डॉक्टरचा दाखला, साखळी आणि पाण्याचं भांडं घेऊन आपण फलाटावर उभे. वेटिंग लिस्ट म्हणजे काय, हे कुत्र्याला कसं समजवायचं?

विमानाचं म्हणाल, तर आकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून केबिनमध्ये प्राणी न्यायला दिले, पण सुरुवातीची मर्यादा पिंजऱ्यासकट ७ किलोंची. एवढ्यात बंड्याचं डोकं आणि फार तर एक पाय बसेल.

आपल्याकडे कुत्र्यांसह प्रवासाचा विक्रम दत्तगुरूंच्या नावावर आहे. परंपरा सांगते की स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात आणि निद्रा माहूरला. हे रोज. बरोबर चार कुत्रे आणि एक गाय. आजच्या दराने कुत्र्यांचेच २४० किलो भरावे लागतील, गाईची सोय वेगळी. महाराजांनी तिकीट खिडकीच्या वाटेला न जाता आकाशमार्ग धरला, तो उगाच नव्हे.

आकाशमार्ग आम्हाला बंद, म्हणून गुहागरला निघालो गाडीने. प्रवासाआधी तीन-चार तास पोटात काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या आईला हे पटेना. "मुकं जनावर उपाशी न्यायचं? माणसं आहात की कोण?" पहाटे पाच वाजता तिने त्याला दहीभात घातला, वर तूप लावलेली एक पोळी. मी मागितला तर मला चहासुद्धा मिळाला नाही.

खंबाटकीपर्यंत बंड्या राजा होता. खिडकीतून मुंडकं बाहेर, कान मागे, जिभेवरची लाळ वाऱ्याने उडून थेट माझ्या उजव्या खांद्यावर. मुंडकं बाहेर काढू देऊ नये, डोळ्यांत कचरा जातो, हे मला माहीत आहे. बंड्याला माहीत नाही. उंब्रजला वळलो, पाटणला चहाला थांबलो. गेली पंधरा वर्षं मी या टपरीवर चहा पितो. टपरीवाल्याने माझं नाव कधी विचारलेलं नाही. बंड्याकडे बघून तो काउंटरच्या बाहेर आला. नाव काय, वय काय, चावतो का, खातो काय, सगळी चौकशी झाली. त्याला पार्ले-जीचा पुडा फुकट, मला चहाचे पैसे. कुत्र्याबरोबर फिरण्यात माणसं जोडली जातात म्हणतात, ते खरं आहे. फक्त ती कुत्र्याला जोडली जातात.

कोयनानगरला उतरलो तर चार गावठी कुत्री चारी बाजूंनी आली. हद्दीचा प्रश्न होता. पुण्यात आमच्या गल्लीचा हा वाघ, रिक्षावाले त्याला बिचकून असतात. इथे तो माझ्या दोन पायांच्या मधून मागे गेला आणि साखळीचे दोन वेढे माझ्या पिंढऱ्यांना बसले. त्या अवस्थेत मी चौघांशी वाटाघाटी केल्या.

मग कुंभार्ली घाट. दुसऱ्या वळणावर बंड्याने जांभई दिली. "कंटाळला बिचारा," मी म्हणालो. तिसऱ्या वळणावर पुन्हा जांभई, मग ओठ चाटणं, मग तोंडातून लाळेची तार. "अहो, थांबवा गाडी," बायको म्हणाली. कुत्र्याची जांभई म्हणजे बऱ्याचदा मळमळ, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि मला सांगितलंही होतं. पण घाटात थांबायचं कुठे? पुढे ट्रक, मागे एसटी. पाचव्या वळणावर दहीभात परत आला. पाठोपाठ पोळी आली, जवळजवळ अखंड. पार्ले-जी सगळ्यांत शेवटी खाल्लेलं, ते कधी आलं कळलंच नाही.

गुहागरला ज्या घरगुती निवासात उतरलो (नाव सांगत नाही, आंबे पाठवतात), तिथे फोनवर "पेट फ्रेंडली आहोत हो आम्ही" असं दोनदा सांगितलं होतं. यजमानांनी बंड्याला पायापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "घरात नाही ना यायचा हा?" म्हणाले. मैत्री अंगणापर्यंत होती. त्याला जागा दिली गोठ्याच्या पडवीत, दिवसाला पाचशे रुपये. गाय त्याच पडवीत फुकट होती. रात्री बंड्या रडायला लागला, म्हणून बाराच्या सुमारास चटई घेऊन मी पडवीत गेलो. माझं भाडं कमी झालं नाही.

सकाळी समुद्र. बंड्याने तो पहिल्यांदाच पाहिला. लाट आली की भुंकायचा. ती मागे गेली की आपल्यालाच भिऊन गेली, अशा ऐटीत माझ्याकडे बघायचा. असं पन्नासेक लाटांचं झालं. शेपटीचा पंखा थांबेना. त्याची साखळी मात्र मी सोडली नाही. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि कुत्र्यांना वाळू उकरण्याची खोड. तेव्हा तो धावला तिथे मीही धावलो, ५३ वर्षांचा, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. लांबून बघणाऱ्याला कोण कोणाला फिरवतंय ते सांगता आलं नसतं. मधेच त्याने दोन घोट समुद्र प्यायला. त्याचा परिणाम दुपारभर पडवीत दिसत होता. गाईने पाठ फिरवली.

तीन दिवसांत त्याने माझी डावी चप्पल, यजमानांच्या तीन नारळी वड्या, आमसुलाची पुडी आणि बायकोच्या टोपीची कड एवढं खाल्लं. माझे हाल तेवढे त्याने खाल्ले नाहीत.

परतताना शहाणपण आलं होतं. सकाळपासून उपास, गाडी सावकाश, वळणावळणावर विश्रांती. कुंभार्ली सुखरूप चढलो, पाटण गेलं, सातारा गेला. पुणं आता टप्प्यात. मी गाणी लावली. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो, मागे-पुढे ट्रकांची रांग, आणि मागच्या सीटवर बंड्याने जांभई दिली.

"अहो," बायको म्हणाली, "आईंनी डबा दिला होता ना त्याचा, जाताना उरलेला? तो कुठाय?"