निर्वेध चौकट

सोलापुरात दर पेठेला एक मारुती, एक तालीम आणि एक छायाचित्रकार अण्णा असतोच. पहिल्या दोहोंची नोंद महापालिकेच्या दप्तरी सापडते. तिसऱ्याची सापडत नाही, कारण छायाचित्रण हा अण्णांचा चरितार्थ नसून व्यसन असते, आणि ज्या व्यसनातून अबकारी वसूल होत नाही त्याची दखल सरकार घेत नाही.

आमच्या पेठेतील अण्णांशी माझा परिचय ते आग्फा क्लिक थ्री बाळगीत होते त्या काळापासूनचा. त्या काळ्या डबीत एकशेवीस नंबरचा रोल बसे, बारा चौकोनी फोटो निघत, आणि ऊन व ढग यांपलीकडे विचार करण्याचे कष्ट तिला पडत नसत. परंतु ज्या यंत्राला आपली बुद्धी लागत नाही त्याच्यापासून प्रतिष्ठाही लाभत नाही, हे ध्यानी येताच अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन यशिका आणला. त्यात वरून वाकून पाहावे लागे व काचेवर डावे-उजवे उलटे दिसे. गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतील मानकऱ्यांच्या कमरेवर तोललेले, अण्णांसमोरून डौलाने गेले; ते सरकले डावीकडे, काचेत दिसले उजवीकडे, आणि अण्णा काचेशी इमान राखीत उजवीकडे वळत गेले. रोल धुऊन आला तेव्हा त्यात होम मैदानावरील भजीवाल्याचे बारा फोटो होते. अण्णांनी दोष यशिकाला दिला, आणि तेथून ‘याहून बरा’ कॅमेरा घेण्याची जी परंपरा सुरू झाली ती आजतागायत खंडित झालेली नाही.

ही सारी मिळकत अण्णांच्या स्वयंपाकघरात, एके काळी ज्वारीच्या असलेल्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली असते. कारण भिंगाला बुरशी लागणे हे त्यांच्या लेखी कुळाला बट्टा लागण्यासारखे आहे. औषधांच्या नि बुटांच्या खोक्यांतून जमविलेल्या सिलिका जेलच्या खड्यांचा तेथे कडक बंदोबस्त असतो. हे खडे कोरडे असता निळे असतात, दमट झाले की गुलाबी होतात आणि भाजले की पुन्हा निळे. तेव्हा पावसाळ्यात दर रविवारी, वहिनींची शेवटची कडक भाकरी उतरते न उतरते तोच, त्याच तव्यावर अण्णा खडे पसरतात आणि उलथन्याने हलवीत, एखादा पाकशास्त्री साबुदाणा परततो त्या तन्मयतेने, निळेपणाची वाट पाहत उभे राहतात. “भाकरी अशी कधी बघितली नाही हो यांनी,” असे वहिनी मला एकदा म्हणाल्या. त्यावर अण्णांनी मान वर न करता “गॅस बारीक कर” एवढाच हुकूम सोडला.

भिंगांचे वजन वाढले तसा प्रवासही वाढला. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, आणि त्याची व्याप्ती साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात असल्यामुळे अनेकांची शेते, घरे आणि परसातल्या कोंबड्यादेखील अभयारण्यात जमा झाल्या. ही हद्द पुढे हजार-बाराशेच्या आसपास आणली गेली. परंतु मधल्या काळात आमच्या कचेरीत त्या पक्ष्याच्या नावाने जेवढे कागद फिरले तेवढे पक्षी माळावर कधीच नव्हते, हे मी निवृत्त कारकून या नात्याने सांगू शकतो. त्याच काळात एका पहाटे अण्णा मला हमालीसाठी तेथे घेऊन गेले. गवताळ माळ आक्रसत चालला होता, उसाने आणि द्राक्षांनी त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. तरी त्या दिवशी माळढोक आला. तो उंच मानेचा, संथ पावलांचा पक्षी निवृत्त मामलेदारासारखा फेरफटका मारीत आमच्या समोरून गेला. घाई त्याला नव्हती, होती ती अण्णांना. तिवई उघडली, भिंग चढविले, आणि भिंगावर शेंगाचटणीच्या तेलाचे बोट उमटलेले दिसताच अण्णांनी पिशवीतून फुंकणी, ब्रश आणि मऊ कातडे अशा क्रमाने अवजारे बाहेर काढली. काच लखलखीत झाली तेव्हा समोर निर्मळ, निष्पक्षी माळ पसरला होता. अण्णांनी त्याचेच सहा फोटो घेतले. “चौकट निर्वेध आहे,” ते म्हणाले.

हा ‘निर्वेध’ शब्द अण्णांच्या कलेचे बीज होय. सिद्धेश्वराचे तळ्यातले मंदिर त्यांनी शेकडो वेळा टिपले, पण कपडे धुणारी माणसे उठून जाईपर्यंत बटण दाबले नाही. इंद्रभुवनाचा घुमट टिपला, खालची गर्दी गाळली. किल्ल्याचे बुरूज टिपले, फलक आणि तारा टाळल्या. १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून साऱ्या गिरण्यांची धुराडी तर त्यांच्या आकाशाला लागलेला डागच होता. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगे निमाले, आणि शहराच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवू इच्छिणारी काही तरुण मंडळी मोठ्या आशेने अण्णांकडे आली. अण्णांनी निगेटिव्हची बाडे उघडली. कोठेही गिरणी नाही, भोंग्यासरशी बाहेर पडणारा कामगार नाही, टांगा नाही. चाळीस वर्षांचे केवळ आकाश, तेही उत्तम प्रतीचे. मंडळींनी चहा घेतला आणि ती गेली.

संगणक आल्यावर तर टाळण्याचीही गरज उरली नाही. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी अण्णांच्या सूर्यास्तात नेमकी मध्ये येई, आणि अण्णा रात्री बसून ती माउसने खोडून काढीत. पुढे हेच काम सरकारने हाती घेतले. विमानतळाला अडथळा म्हणून वर्षानुवर्षे वाद, दावे, मोर्चे झाले, आणि १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. अण्णा दूरच्या एका गच्चीवरून तिवई लावून हजर होते. काही क्षणांत ती कलली, धुळीचा लोट उठला, आणि अण्णांनी आयुष्यात प्रथमच ऐन वेळी बटण दाबले. फोटो फार चांगले आले. पण सूर्यास्ताला ते त्यानंतर हिंडेनासे झाले. कॅमेरा कोठे रोखावा हे कळत नाही, असे म्हणू लागले.

महिन्याभराने ते माझ्याकडे आले. “भाऊसाहेब, चिमणी उभी असलेला एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडं?”

माझ्याजवळ एक होता. होटगी रस्त्याच्या गच्चीवर नातू पतंग उडवीत असता मोबाईलने काढलेला, जरासा वाकडा. मागे चिमणी, मध्ये विजेची एक तार. अण्णांनी तो बराच वेळ न्याहाळला.

“ही तार तेवढी खराब करतीय. मला पाठवा, मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो परत आला. चिमणी जागच्या जागी होती. तार गेली होती, आणि तिच्याबरोबर मांजाही. आमचा नातू रिकाम्या मुठी हवेत धरून उभा होता, आणि पतंग आपल्या जागी तसाच थांबलेला होता.