उपवास आणि अपलोड

इंटरनेटची चरबी उतरवायला २०१९ साली ‘जेमिनी’ हा प्रोटोकॉल निघाला, हे स्तुत्यच. कुकी नाही, जाहिरात नाही. मागणी एकाच ओळीत, तीही १०२४ बाइटांच्या आत. सर्व्हरने काही विचारले आणि वाचकाला उत्तर द्यायचेच तर तेही त्याच ओळीत कोंबायचे. पुढे मंडळींना मोठा मजकूर चढवावासा वाटला. व्रत मोडू नये म्हणून जेमिनीला हात न लावता शेजारी ‘टायटन’ उभा केला: पोर्ट तोच, १९६५, फक्त पत्त्याच्या शेपटीला अर्धविराम देऊन मजकुराचा प्रकार, आकार आणि परवलीचा शब्द जोडायचा. उपवास अबाधित, फराळ वेगळ्या ताटात.

हा साधेपणा दवनीवाड्यासारख्या धान पिकवणाऱ्या गावालाही लाभावा. ई-पीक पाहणीसाठी शेतकरी बांधीत उतरून धानाचा फोटो काढतो, रेंज नसली की धुऱ्याधुऱ्याने मोबाइल उंच धरून हिंडतो. यापुढे त्याने एका ॲपवर एकच ओळ पाठवावी: ‘धान आहे.’ फोटोसाठी शेजारी वेगळे ॲप, अक्षांश-रेखांशासाठी आणखी एक, आणि पहिल्या ॲपवर ठळक अक्षरांत ‘अत्यंत साधे’.

‘टायटन’ हे नाव मात्र चपखल निवडले आहे. जेमिनी यानांना अंतराळात नेणारे टायटन-२ मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनवलेले क्षेपणास्त्र होते.